पाणी तोडणे हीही शिकारच

10 मे 2025 रोजी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन होता. 2006 पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवसाचा त्या वर्षीचा विषय होता पक्ष्यांना सामावून घेणारी शहरे आणि वस्त्या. हा विषय नवी मुंबईतल्या नेरूळइतका क्वचितच दुसऱ्या कुठल्या गावाला लागू पडेल. पाम बीच रस्त्याच्या एका अंगाला उंच इमारती, दुसऱ्या अंगाला कांदळवन, त्यापलीकडे ठाण्याची खाडी; आणि या सगळ्याच्या मधल्या पट्ट्यात डीपीएस शाळेमागचा तलाव, एनआरआय संकुलामागची आणि टी. एस. चाणक्य संस्थेलगतची पाणथळ. हिवाळा ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत या पट्ट्यात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, उतरतात. नवी मुंबई महापालिकेने शहराची ओळखच ‘फ्लेमिंगो सिटी’ अशी करून दिली आहे. या पक्ष्यांवर इथल्या लोकांचा जीव आहे, हे संध्याकाळी तलावाकाठी उभ्या असलेल्या कुणालाही दिसते. त्या जिव्हाळ्याला कायद्याचा आधार किती आहे, हे तपासण्यासाठी या दिनासारखा दुसरा दिवस नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 हा आपला या क्षेत्रातला मूळ कायदा. त्याखाली फ्लेमिंगोला मारणे, पकडणे, विष घालणे, जखमी करणे, त्याची अंडी वा घरटे छेडणे, हे सारे शिकारीत मोडते आणि तुरुंगवासापर्यंतची शिक्षा होते. या व्याख्येत जे लिहिले आहे ते भक्कम आहे. जे लिहिलेले नाही, ते नेरूळमध्ये उघडे पडले. अभयारण्याच्या हद्दीबाहेर एखाद्या तलावात पक्षी उतरत असतील आणि त्या तलावात येणारे पाणी कुणी बंद केले, तर शिकारीच्या व्याख्येत ते बसत नाही. जुन्या चाळीतल्या भाडेकरूला घरमालक हात लावत नाही, फक्त त्याचा नळ तोडतो. तशीच ही गत. पक्ष्याला धक्का न लावता त्याला तिथून उठवण्याची मुभा या फटीतून मिळते.

2024 मध्ये काय घडले ते आठवावे. वर्षाच्या सुरुवातीला नेरूळ जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या फलकावर आपटून फ्लेमिंगो मेले. पुढे तो फलक हटवला गेला. एप्रिलमध्ये डीपीएस तलावाच्या परिसरात एकामागून एक पक्षी मृत आणि जखमी अवस्थेत सापडू लागले. तलाव तेव्हा जवळपास कोरडा पडला होता. खाडीचे पाणी आत आणणारे मार्ग जेट्टीच्या कामात बुजले, अशी स्थानिक पर्यावरणप्रेमींची तक्रार होती आणि ते ती आधीपासून करत आले होते. मग 20 मेच्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाची घाटकोपरच्या आकाशात थव्याशी धडक झाली आणि पंतनगर परिसरात किमान 39 फ्लेमिंगोंचे मृतदेह पडले. विमान सुखरूप उतरले. या प्रत्येक घटनेनंतर हळहळ झाली, पाहणी झाली. कुणी शिकारी मात्र सापडणार नव्हता, कारण बंदूक कुणीच उचलली नव्हती.

या पक्ष्याला तलाव कशासाठी लागतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्यासाठीचा कायदाही समजत नाही. फ्लेमिंगो चरतो खाडीच्या चिखलात. ओहोटीला ठाण्याच्या खाडीची विस्तीर्ण चिखलमैदाने उघडी पडतात. त्यांत धाकटा रोहित सूक्ष्म शैवाल गाळून खातो, थोरला रोहित शैवालाबरोबर बारीक कवचधारी जीव आणि कृमी टिपतो. भरती आली की ही मैदाने पाण्याखाली जातात. पाय कितीही लांब असले तरी वर चढणाऱ्या पाण्यात हजारोंच्या थव्याला उभे राहता येत नाही. तेव्हा हे थवे उठतात आणि जवळच्या उथळ, शांत पाण्यात जाऊन उभे राहतात. तिथे विश्रांती घेतात, चरतात आणि ओहोटीची वाट पाहतात. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, म्हणजे ही ये-जाही रोजची, आणि ती रात्रीही चालते. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ती ठळक दिसते. भांगाच्या दिवसांत कमी. नेरूळचे तलाव ही या पक्ष्यांची भरतीच्या वेळची जागा आहे. खाडी हे ताट असेल आणि तलाव ही ओसरी, तर दोन्ही मिळूनच त्यांचे घर होते.

आता आपल्या कायद्याने काय केले ते पाहा. 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, सुमारे 1,690 हेक्टरचे. मालवणनंतरचे राज्यातले हे दुसरे सागरी अभयारण्य. 2022 मध्ये खाडीला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. दोन्ही निर्णय मोठे होते आणि ज्यांनी ते घेतले त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण अभयारण्याची रेषा खाडीभोवती आखली गेली आणि भरतीच्या वेळच्या जागा तिच्याबाहेर राहिल्या. पक्षी रोज ती रेषा ओलांडतो. रेषेच्या आत तो राज्याचा मानाचा पाहुणा आणि बाहेर एका मोकळ्या भूखंडावर उतरलेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, 1883 मध्ये स्थापन झालेली ही संस्था, या बाहेरच्या पाणथळींना अभयारण्याची उपांगे मानून जपा असे सातत्याने सांगत आली आहे.

हाच वाद 2025 मध्ये साता समुद्रापलीकडेही पेटला आणि तो इथे आणण्याचे कारण आहे. अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजाती कायदा 1973 चा, म्हणजे आपल्यापेक्षा एक वर्षाने धाकटा. संकटग्रस्त प्राण्याला इजा करणे त्या कायद्याने निषिद्ध ठरवले आणि पुढे नियमांनी स्पष्ट केले की प्राण्याच्या अधिवासात असा मोठा बिघाड करणे, ज्याने तो मरतो किंवा जखमी होतो, हीही इजाच. लाकूड व्यवसायाशी जोडलेल्यांनी त्याला आव्हान दिले. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम उचलून धरला. खाजगी जमिनीवरचे जंगलही त्यामुळे घुबडांना आणि सुतारपक्ष्यांना राखले गेले. 17 एप्रिल 2025 रोजी अमेरिकी सरकारने ही व्याख्याच काढून टाकण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला; हरकतींची मुदत 19 मेपर्यंत होती. प्रस्तावामागचा तर्क साधा आहे: प्राण्याला थेट मारणे वा पकडणे तेवढे रोखा, जमिनीचे काय ते मालक पाहील. पन्नास वर्षांत त्या कायद्याने जे कमावले, त्याचा पायाच यामुळे निसटेल, असे तिथले शास्त्रज्ञ आणि निसर्गसंस्था सांगत आहेत. आमच्या मते त्यांचे म्हणणे खरे आहे. आज जगात बहुतेक प्राणी गोळीने मरत नाहीत. जागा गेल्याने मरतात. जागेला वगळून केलेला संरक्षणाचा कायदा हा शिकारी राजे-साहेबांच्या काळातला कायदा आहे.

अमेरिका जी गोष्ट गमावायला निघाली, ती आपल्याकडे अभयारण्याबाहेर पुरती कधी नव्हतीच. अभयारण्याच्या आत मात्र आहे, आणि ती फार सुंदर शब्दांत आहे. 1972 च्या कायद्याचे कलम 29 म्हणते की अभयारण्यातल्या वन्यजीवाचा अधिवास कुठल्याही कृतीने नष्ट करता येणार नाही, त्याची हानी करता येणार नाही. आणि अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवता, अडवता किंवा वाढवता येणार नाही. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते आणि तीही वन्यजीवांच्या भल्यासाठीच देता येते. ज्याने हे कलम लिहिले त्याला ठाऊक होते की पाणी तोडले की जीव तुटतो.

आता एप्रिल 2025 च्या निर्णयाकडे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळाने तेव्हा डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. सुमारे 30 एकरांचा हा तलाव; त्यासाठी स्थानिक नागरिकांनी निवेदने दिली, मानवी साखळ्या केल्या, मेलेले पक्षी उचलले, अधिकाऱ्यांच्या दारात उभे राहिले. त्यांच्या चिकाटीचे हे फळ आहे आणि सरकारने दिलेला प्रतिसाद स्वागतार्ह आहे. शहराच्या पोटातला तलाव फ्लेमिंगोंसाठी म्हणून राखणे हे राज्यात नवे पाऊल आहे.

पण कायद्याची पाने नीट उलटली तर एक गोष्ट टोचते. संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद, कलम 36-अ, 2002 च्या दुरुस्तीने आली. सरकारी मालकीच्या, विशेषतः अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनींसाठी ती आहे. नेरूळला ती शोभते. त्याच कलमात अभयारण्याची कोणकोणती कलमे इथे लागू होतील याची यादी दिली आहे. सीमाखुणा न हलवणे, प्राण्यांना त्रास न देणे, आग न लावणे, घातक रसायने न वापरणे, वन्यजीवांच्या सुरक्षेसाठी व अधिवास सुधारण्यासाठी उपाय करणे, हे सगळे त्या यादीत आहे. कलम 29 नाही. म्हणजे ज्या दुखण्याने डीपीएस तलाव आजारी पडला, पाण्याचा मार्ग बुजणे, नेमके त्याचेच औषध असलेले कलम या दर्जासोबत आपोआप येत नाही.

याचा अर्थ हा दर्जा निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. सुरक्षेचे आणि अधिवास सुधारण्याचे अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे येतातच, आणि जाणता अधिकारी त्यांतून पुष्कळ करू शकतो. पण जाणता अधिकारी बदलून जातो. त्याच्यामागे लिहिलेला शब्द हवा. म्हणून अंतिम अधिसूचनेत आणि व्यवस्थापन आराखड्यात भरतीचे पाणी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे मार्ग नकाशासह नोंदले जावेत. ते बुजवणे, अरुंद करणे किंवा त्यांवर बांधकाम करणे निषिद्ध ठरवावे. ते मोकळे ठेवण्याची जबाबदारी कुणाची, हे पदनामासह लिहावे. यापेक्षा अधिक धीर सरकारने दाखवला तर हा तलाव आणि शेजारच्या दोन्ही पाणथळी थेट ठाणे खाडी अभयारण्यात सामावून घ्याव्यात, म्हणजे कलम 29 चे छत्र त्यांच्यावर येईल. आमची पसंती या दुसऱ्या मार्गाला आहे.

बाकीचे कायदे ही फट बुजवतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. 2017 चे पाणथळ नियम पाणथळींचे रूपांतर रोखतात खरे, पण किनारी नियमन क्षेत्रात येणाऱ्या आणि मिठागरांसाठी तयार केलेल्या जागा त्यांतून वगळल्या आहेत. आणि नवी मुंबईची किनारपट्टी तर मिठागरे, खाजणे आणि खारजमिनींचीच. देशातल्या 2,01,503 पाणथळींना संरक्षण देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा आदेश आहे, तरी अमुक जागा मुळात पाणथळ आहे की पावसाचे पाणी साठवणारे धारण तळे, या वादात वर्षे निघून जातात.

ही वर्षे कशी जातात ते नेरूळला शिकवावे लागत नाही. एनआरआय आणि टी. एस. चाणक्य परिसरातल्या पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल उभे राहणार होते. त्याविरुद्ध नागरिकांनी 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. नोव्हेंबर 2018 मध्ये न्यायालयाने त्या विकासाची वाट मोकळी करणारा सरकारी निर्णय रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 2018 मध्येच, 17 सप्टेंबरला, उच्च न्यायालयाने कांदळवनांविषयीचा तो थोर निकाल दिला होता: कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे आणि त्यांच्याभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे. त्याच प्रकरणातल्या 2005 च्या अंतरिम आदेशापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे लागली. तरी आज नेरूळच्या किनाऱ्यावर जे हिरवे उरले आहे, ते या कागदांमुळे उरले आहे. कायद्याने काय होणार, असे जे निराशेने विचारतात त्यांनी हा किनारा पाहावा. आणि गिधाडांकडेही पाहावे: गिधाडांच्या जिवावर उठलेल्या, जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या औषधावर 2006 मध्ये बंदी आली नसती, तर जी थोडीबहुत गिधाडे आज आपल्याकडे घिरट्या घालतात, तीही राहिली नसती.

विरोधाची बाजूही ऐकलीच पाहिजे, कारण ती सगळीच स्वार्थाची नाही. पहिला आक्षेप विमानांचा. नवी मुंबईचा नवा विमानतळ 2025 मध्ये सुरू होण्याच्या उंबरठ्यावर होता; मोठे थवे आणि विमाने एका आकाशात नकोत, म्हणून पाणथळी हटवा, असे काहीजण म्हणतात. माणसांचा जीव मोलाचा आहे यात शंका नाही. पण तलाव बुजवला म्हणून थवा नाहीसा होत नाही; भरती आली की तो उथळ पाणी शोधत भटकतो, आणि विमानतळाच्या सपाट, पाणी साचणाऱ्या परिसरासारखी जागा त्याला दुसरी कुठली मिळणार? ठरलेल्या जागी स्थिर असलेला थवा हा वैमानिकासाठीही अधिक सुरक्षित. पक्षीशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे हेच सांगत आहेत.

दुसरा आक्षेप घरांचा आहे, आणि मुंबईच्या परिसरात तो हलक्याने उडवून लावता येत नाही. पण नेरूळच्या या पट्ट्यात येऊ घातलेली घरे कुणाच्या खिशाची होती, हे गोल्फ कोर्सच्या योजनेने पुरेसे सांगितले आहे. शिवाय ही जमीन खाडीची आहे. उधाणात आणि अतिवृष्टीत पाणी इथेच येणार; तलाव आणि कांदळवन ते झेलतात, म्हणून मागच्या सेक्टरांचे तळमजले कोरडे राहतात.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून फारशी मांडली जात नाही, आणि आम्हाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. संरक्षणाचा कायदा स्थानिकांना वगळून लादला तर तो हरतो. महाराष्ट्राने हे सोलापूर-नगरच्या माळरानावर भोगले आहे. 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले ते तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे. त्यात शेते आली, गावे आली, शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडकले. माळढोक हा पक्षी लोकांना आपल्या वाटेतला अडथळा वाटू लागला. पुढे अभयारण्याची हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आली, पण तोवर विश्वास आणि पक्षी दोन्ही गेले होते. नान्नजला आज माळढोक दिसणे ही बातमी होते. कायदा नको होता असा याचा अर्थ नाही. तो नेमका हवा होता आणि लोकांच्या बाजूने उभा राहणारा हवा होता.

नेरूळमध्ये तो तसा करता येईल. इथे सारसोळे आहे, करावे आहे, दारावे आहे, शिरवणे आहे. 1970 मध्ये शहर वसवणारी संस्था सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, त्यांतलीच ही. आगरी-कोळी समाजाने या खाडीशी पिढ्यानपिढ्या संसार केला आहे. खारबंदिस्तीचे बांध घालणे, उघाडीतून भरतीचे पाणी हवे तेवढे आत घेणे आणि ओहोटीला सोडणे, ही त्यांची विद्या. डीपीएस तलावाला आज नेमकी हीच विद्या हवी आहे. पाणी आत येत-जात राहिले नाही, की तलाव उन्हाने आटतो किंवा शेवाळाने भरून जातो, आणि दोन्ही अवस्थांत फ्लेमिंगो तिथे उतरत नाहीत. निवट्या, चिंबोऱ्या आणि मासळीचेही तेच: कांदळवनात पाणी खेळले नाही तर कोळ्याचे जाळे रिकामे येते. पक्ष्याचे पाणी आणि सारसोळ्याच्या कोळ्याचे पाणी एकच आहे.

संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापनासाठी कायद्याने समिती सांगितली आहे. तीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी आणि तीन स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतात. नेरूळ महापालिकेत असल्याने ग्रामपंचायतीची ती खुर्ची इथे रिकामी पडण्याची भीती आहे. तसे होऊ देऊ नये. सारसोळे आणि करावे येथील मच्छीमारांना त्या समितीत स्थान द्यावे आणि उघाडी कुठे, केवढी, कधी उघडायची, हा निर्णय त्यांच्या सल्ल्याने व्हावा. तलावाची जमीन सिडकोकडे आहे, शहर महापालिकेचे आहे, कांदळवन वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आहे. तिघांच्या सह्यांचा एकच करार असल्याशिवाय पाण्याचा एक नळसुद्धा साफ होणार नाही, हा आजवरचा अनुभव आहे.

राज्यघटनेत 1976 साली दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: अनुच्छेद 48-अ नुसार वने आणि वन्यजीव यांचे रक्षण करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, आणि अनुच्छेद 51-अ नुसार ते प्रत्येक नागरिकाचेही कर्तव्य आहे. नेरूळच्या नागरिकांनी आपले कर्तव्य केले आहे. आता पाळी राज्याची आहे.

वेळही हाताशी आहे. दरवर्षी पाऊस पडू लागला की उरलेले थवे गुजरातकडे निघतात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला परततात. मधले पाच महिने तलाव पक्ष्यांविना असतो. गाळ काढायला, बुजलेले मार्ग उघडायला, उघाडी बसवायला आणि भरतीच्या पाण्याची पातळी मोजायला ते पुरेसे आहेत. अधिसूचनेचा अंतिम मसुदाही याच महिन्यांत तयार व्हावा, तो मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि त्यावर सारसोळ्याच्या कोळीवाड्यात जाऊन लोकांचे म्हणणे ऐकले जावे.